चार भगदाडं, तीन चौकटी

आमची मुलगी साडेसात महिन्यांची जन्मली तेव्हा आमच्या घराला खिडक्या नव्हत्या.

घर मात्र होतं. बायकोनं आणि मी दोन वर्षं खपून ते उभं केलं होतं. पाया आम्ही दोघांनी खणला, विटा आम्हीच वाहिल्या, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी तिनंच मारलं. मिस्त्री फक्त भिंती चढवायला आणि स्लॅब टाकायला आला. केशोरीपासून जवळच आमचं गाव, आणि गावाच्या अगदी शेवटी, तलावाच्या अलीकडे आमची जागा. केशोरीच्या बाजारात माझं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. शेतावरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी तांब्याची तार पुन्हा भरून देतो. हाताला बारीक कामाची सवय, त्यामुळे घर बांधणंही जमेल असं मला वाटलं होतं.

दिवाळीला आम्ही राहायला आलो. दार बसवलेलं होतं. खिडक्यांच्या जागी चार भगदाडं होती, प्रत्येक तीन फूट रुंद आणि चार फूट उंच. त्यांवर खताची रिकामी पोती खिळ्यांनी ठोकली होती. माझं लहानपण ज्या मातीच्या घरात गेलं तिथं खिडकी म्हणजे हाताचा पंजा जाईल एवढं भोक होतं. आई स्वयंपाक करायला बसली की सगळं घर धुरानं भरायचं. म्हणून मी मिस्त्रीला सांगितलं होतं, खिडक्या मोठ्या ठेव. चौकटी नंतर करू. बाळ फाल्गुनात येणार, तोवर थंडी सरलेली असेल, असा आमचा हिशोब होता.

पौषातल्या एका सकाळी बायको अंगण झाडत असताना तिच्या पोटात कळ आली. अँब्युलन्सनं गोंदियाला नेलं. संध्याकाळी मुलगी झाली. दीड किलोच्या जरा वर भरली. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. मी काचेतून पाहिलं. माझ्या हाताच्या बोटाएवढं तिचं मनगट होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी मला बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. मुलगी ठीक आहे म्हणाल्या, पण दोन-अडीच आठवडे ठेवावं लागेल, आणि घरी नेल्यावर खरी काळजी तुमची. हिच्या अंगात स्वतःची ऊब धरण्याइतकी ताकद अजून नाही. खोलीत वारा शिरता कामा नये. मग त्यांनी विचारलं, घर कसं आहे तुमचं?

"पक्कं आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. खोटं बोललो नव्हतो. पण घराची चार पोती रात्रभर कशी फडफडतात ते मला ठाऊक होतं.

बायकोजवळ तिची आई आणि मोठी बहीण, दोघीही आल्या होत्या. नर्स म्हणाली, "भैया, एक पेशंट के साथ एक ही लेडीज." बहिणीला वाचता येतं, कागद कळतात, म्हणून ती थांबली. सासूबाईंना मी माझ्यासोबत घेऊन निघालो. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, मीही तेच म्हणायचो, म्हणजे जेव्हा कधी म्हणायचो तेव्हा. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मामी एकदाही आमच्याकडे आल्या नव्हत्या. त्यांचं गाव जंगलाला लागून आहे. ते लोक आपल्या जुन्या देवांना मानणारे, आम्ही बौद्ध. लग्न आम्ही दोघांनी ठरवलं होतं. दोन्हीकडे भांडण असं झालं नाही, पण येणं-जाणंही झालं नाही.

त्यात आणखी एक अडचण होती. त्यांच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. त्याच्यापुढून जात नाही, त्याच्या बाजूला बसत नाही. काही सांगायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागतं. गोंदियाहून अर्जुनीपर्यंत रेल्वेत मामी माझ्याकडे पाठ करून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या. अर्जुनीहून बसनं आलो तेव्हा त्या पुढच्या सीटवर, मी मागच्या.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली आणि सगळं घर फिरून पाहिलं. प्रत्येक भगदाडासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. पोत्याची कड उचलून बाहेर पाहिलं, पुन्हा सोडली. मग समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "ह्या घरात लेकरू नाई येत."

मध्ये कुणी नव्हतं, म्हणून भिंत. पुढचे तीन-चार दिवस आमचं सगळं बोलणं असंच भिंतीमार्फत चाललं.

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडे गेलो. तो म्हणाला, लाकूड ओलं आहे, महिना लागेल. माझा मिस्त्री नागपूरला कामावर गेला होता. दुसरा एक मिस्त्री दहा दिवसांनी येतो म्हणाला. दहा दिवसांनी कसं चालणार होतं? अर्जुनीजवळ एक जण पाडलेल्या घरांचं सामान विकतो, त्याच्याकडे जुन्या सागवानी चौकटी आहेत असं कळलं. मी घरी येऊन भिंतीला विचारलं की मामींना लाकडाची पारख आहे का. मामी पदर खोचून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तेच उत्तर होतं.

तिथं त्यांनी एकेका चौकटीवर बोटाच्या सांध्यानं ठोकून पाहिलं, कोपरे हुंगले, आणि तीन चौकटी बाजूला ओढल्या. झडपांचे पल्ले शाबूत होते, बिजागऱ्या गंजल्या होत्या पण हलत होत्या. चौथी चांगली चौकट मिळाली नाही. शिवाय या तीनही आमच्या भगदाडांपेक्षा लहान होत्या, रुंदीला अर्ध्या फुटानं आणि उंचीला फुटानं. मी मनातून खट्टू झालो. मामी मात्र खूश दिसल्या. भगदाड जितकं बारकं तितकी ऊब जास्त, हे त्या परत येताना टेम्पोच्या फाळक्याला म्हणाल्या.

दुकान बंद ठेवून मी कामाला लागलो. उन्हाळी धानाची तयारी सुरू झाली होती, लोकांच्या मोटारी येत होत्या, फोन वाजत होता. मी फोन बंद केला. वाळू-सिमेंटचा मसाला कालवला, भगदाडाच्या बाजूला वीट ठेवली, त्यावर मसाला, त्यावर दुसरी वीट. चौथी वीट ठेवली तेव्हा खालच्या तिन्ही सरकल्या आणि माझ्या पायावर आल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा तेच.

मामी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मग सुपाकडे पाहत म्हणाल्या, "भितीले पयले पानी पाजाव लागते. कोरडी भित मसाल्याचं पानी पिऊन घेते."

मी भिंतीवर पाणी मारलं. तरी वीट धरेना. तेव्हा मामी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सरका."

चार वर्षांत त्यांनी माझ्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. मी सरकलो.

त्यांनी माझ्या हातातली थापी घेतली, पण मसाल्याला हात लावला नाही. आधी छिन्नीनं भगदाडाच्या कडेचा सगळा भुसभुशीत मसाला उडवला. मिस्त्रीनं जिथं वाकड्या-तिकड्या विटा सोडल्या होत्या तिथं तोडून सरळ केलं. दर तिसऱ्या थराला जुन्या भिंतीत अर्ध्या विटेचा खड्डा पाडला, म्हणजे नवी वीट आत घुसून जुन्या भिंतीला धरून राहील. शिंदीच्या झाडूनं कड झाडून धूळ काढली. मग पाणी मारलं, थांबल्या, पुन्हा मारलं. भिंत पाणी प्यायची थांबली तेव्हा पहिली वीट ठेवली. ती हलली नाही.

मी विचारलं, हे काम कधी केलंय का. बायकोकडून मला एवढं माहीत होतं की तिचे वडील गेल्यावर मामी दर उन्हाळ्यात गावच्या बायकांसोबत बांधकामावर जायच्या. नागपूर, रायपूर, एकदा हैदराबाद. डोक्यावर घमेलं घेऊन मसाला आणि विटा पोचवायच्या.

"नाई," मामी म्हणाल्या. "कोन देते बाईच्या हातात थापी? मसालाच देल्ला जनमभर." दोन विटा लावून झाल्यावर आपल्या डोळ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "पर डोरे तं माह्येच होते."

त्यानंतर मी मसाला कालवायचा, घमेलं उचलून त्यांच्याजवळ न्यायचं आणि त्या लावायच्या. पहिल्या दिवशी त्यांचा थर थोडा वाकडा गेला. त्यांनी तो बिनबोभाट काढून पुन्हा लावला. दुसऱ्या दिवसापासून हात बसला. दुपारी भाकरी खाताना त्या आपला उजवा हात मांडीवर ठेवून बोटं उघडझाप करत होत्या. दुखतो का विचारलं तर नाही म्हणाल्या. तिन्ही खिडक्यांचे उंबरे त्यांनी बाहेरच्या बाजूला उतरते केले, पावसाचं पाणी आत न येता बाहेर ओघळावं म्हणून.

चौकटी बसवायची वेळ आली तेव्हा ओळंब्याची गरज पडली. मी दुकानातून एक जड नट आणला, त्याला दोरा बांधला. मी चौकट धरायची आणि त्यांनी पाचर ठोकायची, की उलट, यात थोडा घोळ झाला. दोघांना एकाच चौकटीला धरून, हातभर अंतरावर उभं राहावं लागत होतं. मामींनी पदर दातात धरला आणि मान वळवून दुसरीकडे पाहत पाचर ठोकायला सुरुवात केली. हातोडी माझ्या बोटावर बसली. मी तोंडातून आवाज काढला नाही, पण त्यांनी पाहिलं. त्यांनी पदर दातांतून सोडला, सरळ चौकटीकडे पाहिलं आणि नीट ठोकलं. त्यानंतर कामापुरती त्यांनी भिंतीची मध्यस्थी सोडून दिली.

चौकट आणि विटा यांच्यात सगळीकडून बोटभर फट राहिली होती. मी सिमेंटचा मसाला भरायला घेतला. मामींनी माझा हात थांबवला. लाकूड उन्हात आणि थंडीत हलतं, सिमेंट हलत नाही, मग दोघांच्या मध्ये चीर पडते आणि वारा तिथूनच येतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. बंगल्यांच्या कामावर त्यांनी अशा चिरा खूप पाहिल्या होत्या. त्यांनी आपल्या पिशवीतून एक जुनं सुती लुगडं काढलं आणि फाडायला लागल्या. नेसण्यासारखं होतं ते. मी तसं म्हटलं.

"नातीच्या कामाले येते," त्या म्हणाल्या, आणि फाडतच राहिल्या.

लुगड्याच्या पट्ट्यांना पीळ देऊन त्यांनी दोर केले, चुन्याच्या आणि मातीच्या पातळ काल्यात बुडवले आणि खुरप्याच्या मुठीनं फटीत ठासले. बाहेरून सिमेंटचा हात फिरवला. आतून माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून लेप दिला. तीन खिडक्यांना पाच दिवस लागले. दुपारी ऊन असेल तेव्हा दार सताड उघडं ठेवायचं, कारण ओली भिंत वाऱ्यापेक्षा जास्त थंडी देते, असं त्यांचं म्हणणं होतं.

चौथं भगदाड राहिलं होतं. ते उत्तरेला, तलावाच्या बाजूला. भिंतींच्या खुणा करत होतो तेव्हा बायको उलट्या घमेल्यावर बसली होती आणि म्हणाली होती की इथं बसून मला तलाव दिसला पाहिजे. तिच्या डोळ्यांच्या रेषेत मी जोत्यावर खडूनं खूण केली होती. सगळ्या घरात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. आणि पौषातला सगळा वारा तिथूनच यायचा.

मामींनी सांगितलं, हे बुजवा. मी नाही म्हणालो. जाड प्लास्टिक लावू, फळ्या ठोकू, काहीतरी करू म्हणालो. त्या वाद घालत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की लेकीचं घर आहे, तिलेच विचारा.

मी फोन घेऊन अंगणात गेलो. बायकोनं उचलला. हळू आवाजात बोलत होती, मुलगी तेव्हा पेटीतून बाहेर आली होती आणि तिच्या छातीवर झोपली होती. मी चौकटींचं सांगितलं, तिच्या आईच्या हातात थापी आहे हे सांगितलं. ती हसली. मग चौथ्या खिडकीचं सांगितलं. मागून वॉर्डातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"बुजवून टाका," ती म्हणाली. "तलाव काई कुठं चालला नाई."

मी फोन ठेवला आणि तलावाच्या पाळीवर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा मामी विटा मोजून ठेवत होत्या. माझ्या तोंडाकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, "सिमिट नका लावू इथं. मातीत लावू. मंग काढाले येते."

म्हणून ती भिंत आम्ही मातीत लावली. विटा उभ्या ठेवून दोन पातळ भिंती, एक बाहेरून, एक आतून, आणि मधल्या पोकळीत वाळलेला धानाचा कोंडा, राख आणि किडीसाठी कडुलिंबाचा पाला. बंगल्यांच्या कामावर असं कधी पाहिलं नव्हतं असं मामी म्हणाल्या. हे त्यांनी स्वतःच्या मनानं केलं होतं. त्या जागेला हात लावला की बाकीच्या भिंतींपेक्षा ती कमी गार लागायची. ती खिडकी आजही बंदच आहे. थंडीत उघडायची नाही, उन्हाळ्यात झळा येतात, पावसात माती ओली, असं करत राहून गेलं. बायकोनं तिथं आता फडताळ केलंय.

मुलीला घरी आणायच्या आदल्या दिवशी, सकाळी उत्तरेचा वारा सुटला होता तेव्हा, मामींनी उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक चौकटीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता. तिसऱ्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तो एकदम आत वाकला. मामींनी तिथं लुगड्याचा उरलेला तुकडा ठासला, ओली माती दाबली आणि पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ गेला. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग उदबत्ती आपल्या देवांसाठी मांडलेल्या तांदळाजवळ खोचली. शेजारी बुद्धाचं चित्र होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि तिथंही एक लावली.

दुसऱ्या दिवशी बायको आणि मुलगी गाडीनं घरी आल्या. गावात बाळंतिणींची आणि लेकरांची देखभाल पाहणाऱ्या आशाताई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी खोली पाहिली, चौकटींवरून हात फिरवला आणि चांगलं झालं म्हणाल्या. तेवढ्यात मामी पाटीत निखारे घेऊन आत आल्या. बाळंतिणीच्या खोलीत शेक हवाच. त्यांच्या सगळ्या लेकरांच्या वेळी तो होता. आशाताई म्हणाल्या, आता नको, खिडक्या इतक्या घट्ट बसल्यात, धूर जाणार कुठून?

मामींनी ऐकलं नाही. पाटी खाटेखाली सरकवायला लागल्या. मी पुढे झालो आणि पाटी उचलून अंगणात नेऊन ठेवली. जावयानं सासूच्या हातातलं काढून घेतलं, ते सगळ्यांनी पाहिलं. मामी दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून बसल्या. बायको माझ्याकडे रागानं पाहत होती. एवढं केलं त्यांनी आणि मी असा वागलो, हे मलाही कळत होतं. पण पाटी परत आत आणावी असं वाटलं नाही.

मग बायकोनं मुलीचे कपडे काढले, टोपी आणि लंगोट तेवढा ठेवला, आणि तिला आपल्या उघड्या छातीवर घेऊन वरून शाल गुंडाळली. दवाखान्यात तिला हे शिकवलं होतं. अंगाला अंग लावून ठेवायचं, जितका वेळ जमेल तितका. आई थकली तर दुसऱ्या कुणीही घ्यायचं. मामी दारातून पाहत होत्या. थोड्या वेळानं आत आल्या, लेकीजवळ बसल्या आणि हात पुढे केले. मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या पदराखालून फक्त लोकरीच्या टोपीचा गोंडा दिसत होता.

संध्याकाळी माझी पाळी आली. बायको म्हणाली, शर्ट काढा. मामी समोरच बसलेल्या. सासूपुढे उघड्या अंगानं बसायचं म्हणजे माझे कान तापले. मामींनी शांतपणे तोंड फिरवलं आणि भिंतीला म्हणाल्या, "कायले लाजून रायले? लेकरू थंडं पडन."

मी शर्ट काढला. बायकोनं मुलीला माझ्या छातीवर ठेवलं. एवढासा जीव, पण तिचा श्वास माझ्या हाडांत ऐकू येत होता. बाहेर वारा होता, चौकटीचे पल्ले हलत नव्हते. मी तासभर हललो नाही.

थंडी पूर्ण ओसरेपर्यंत आम्ही तिघांनी तिला असंच आलटून पालटून धरलं. दोनदा तिला सर्दी झाली, एकदा रात्रभर दूध प्यायली नाही आणि सकाळी आम्ही पुन्हा गोंदियाला पळालो. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि त्याच दिवशी परत पाठवलं. मी त्यांना सांगितलं की घराला आता खिडक्या बसवल्यात. त्यांना काही आठवलं नसावं, पण त्या हसल्या.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा मामींनी आपली पिशवी भरली. त्यांच्या गावी सगळे पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जायला लागले होते, आणि मोहफुलांवर त्यांचं पुढचं बरंच चालायचं. मुलगी तेव्हा तीन किलोच्या वर गेली होती. मामींनी तिला मांडीवर घेऊन तेल लावलं, लेकीला चार गोष्टी सांगितल्या आणि निघाल्या.

मी मोटारसायकल काढली. केशोरीच्या स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो. पण जावयाच्या मागे गाडीवर त्या बसणार कशा? एवढ्या दिवसांनीही ते होण्यासारखं नव्हतं. त्यांनी पिशवी सीटवर ठेवली आणि स्वतः चालायला लागल्या. मग मीही गाडी चालू केली नाही. हँडल धरून ढकलत त्यांच्या बाजूनं चालत राहिलो. वाटेत दोघा-तिघांनी थांबून विचारलं, गाडी बंद पडली का? मी हो म्हणालो.